मणिपूरच्या कॅम्पला सोसायटीतून मदत पाठवायचीय? आधी हे वाचा

२०२३ च्या जूनमध्ये ठाण्यात आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत, मणिपूरच्या हिंसाचारात घर सोडून कॅम्पमध्ये राहावं लागलेल्यांसाठी कलेक्शन केलं होतं. दोन दिवसांत क्लब हाऊसमध्ये इतकी पोती जमली की कॅरम बोर्ड भिंतीला टेकवून ठेवावा लागला, आणि मग आम्ही चौघी ती उपसायला बसलो. पहिल्याच पोत्यात शेरवानी, तिच्या खिशात अक्षता. मग अर्धी संपलेली खोकल्याची बाटली, एकाच पायाची चप्पल, आमरसाचे डाग पडलेले फ्रॉक. लोक वाईट नसतात हो, पण कपाट आवरायला निमित्त मिळालं की हे असंच होतं. निम्म्याहून जास्त माल बोहारणीला दिला, तिनेही नाक मुरडलं. नंतर शिकत शिकत जे जमलं ते लिहितेय, कुणाला उपयोग झाला तर झाला.

सगळ्यात आधी कॅम्पमधल्या माणसाशी बोला, बाकी सगळं नंतर. नवी मुंबईत खारघर, नेरूळकडे मणिपूरची पोरं शिकायला, नोकरीला आहेत, ओळखीतून कुणीतरी सापडतंच, त्यांच्यामार्फत कॅम्प सांभाळणाऱ्याचा नंबर मिळवा. फोनवर "काय पाठवू?" विचारलं तर समोरचा संकोचून "काहीही चालेल" म्हणतो, मग ते काहीही म्हणजे शेरवानी. त्यापेक्षा सांगायचं की आमच्याकडे साधारण इतके पैसे आहेत, तुम्हाला या महिन्यात काय कमी पडतंय?

आणि आकडे विचारा. माणसं किती, संडास किती, पाणी किती. जगभर मदतकार्यात स्फिअर नावाचे किमान निकष वापरतात, त्यात माणशी रोज १५ लिटर पाणी, २० जणांत एक संडास आणि माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा. ठाण्यात आपण सगळं स्क्वेअर फुटात मोजतो ना, तर ती जागा झाली ३८ स्क्वेअर फूट, आपलं एक बाथरूम समजा, आणि हे किमान हं! शाळेच्या नाहीतर हॉस्टेलच्या हॉलमध्ये पडदे बांधून राहणाऱ्यांना तेवढीही जागा मिळेलच असं नाही. या आकड्यांवरून कळतं की पैसे पाण्याच्या टाकीला द्यायचे, संडासला द्यायचे की चादरींना.

आता पत्ता. नुसतं "मणिपूर" लिहून काही होत नाही. ३ मे २०२३ ला मैतेई आणि कुकी-झो समाजांत हिंसाचार सुरू झाला, ६० हजारांच्या आसपास माणसांना घर सोडावं लागलं आणि राज्याचे जणू दोन भाग झाले. इम्फाळ खोऱ्यातला मैतेई माणूस डोंगराकडच्या, कुकींच्या चुराचांदपूरला जाऊ शकत नव्हता आणि तिकडचा कुकी इम्फाळ एअरपोर्टलाही येत नव्हता, त्याला मिझोराममधून, ऐझॉलवरून फिरून जावं लागायचं. म्हणजे डोंगरातल्या कॅम्पचा माल ऐझॉलमार्गे, खोऱ्यातल्या कॅम्पचा दिमापूर-इम्फाळ हायवेने, आणि तो हायवेही मधूनमधून बंद पडतो. जिल्हा कुठला, सध्या कुठला रस्ता चालू आहे, हे आजच्या आज विचारा, गेल्या महिन्याची माहिती चालत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर चूक कुणाची यावर वाद सुरू झाला की अ‍ॅडमिनने सरळ ग्रुप लॉक करावा, आमच्या चेअरमन काकांनी तेच केलं.

म्हणूनच माझं स्पष्ट मत, वस्तू नको, पैसे पाठवा. इथून इम्फाळ रस्त्याने तीन हजार किलोमीटरच्या वर आहे, कळंबोलीहून ट्रक भरायचा म्हटलं तर भाड्यातच तिथे तांदळाची पोती येतील. आणि तिथेच घेतलं की तिथल्या खाण्याचंच घेतलं जातं. आमच्या एका काकूंनी मोठ्या प्रेमाने दहा किलो आटा दिलेला, आता ती भात खाणारी माणसं, दोनशे जणांच्या पोळ्या लाटायच्या कुणी आणि कुठल्या तव्यावर?

वस्तूच द्यायच्या असतील तर नव्या द्या, एका खोक्यात एकच प्रकार, बाहेर मार्करने साईज आणि नग. सॅनिटरी पॅड, आतले कपडे, मच्छरदाण्या, झाकणाच्या बादल्या, साबण. ब्लँकेट दिवाळीच्या आधी निघायला हवेत, इम्फाळची थंडी आपल्या ठाण्याच्या येऊरसारखी नाही. बाळांची दूध पावडर आणि दुधाच्या बाटल्या मात्र अजिबात नको. बाटली उकळायची सोय नसते, पाणी खराब असतं, आणि बाळाला जुलाब लागतात. शिवाय १९९२ च्या बेबी फूडच्या कायद्याने त्यांच्या फुकट वाटपावर बंधनं आहेत. घरातली उरलेली औषधंही नको, औषध पोचताना एक्सपायरीला किमान वर्ष बाकी असावं असा डब्ल्यूएचओचा नियम आहे. तिथल्या डॉक्टरला यादी विचारून पैसे द्या.

पैसे कुणाच्या पर्सनल यूपीआयवर घेऊ नका, कितीही जवळचा असो. रजिस्टर्ड संस्थेच्या खात्यावर थेट, पावती घेऊन. देणगीवर इन्कम टॅक्सची सूट (८०जी) घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, २००० च्या वर कॅश दिली तर सूट मिळत नाही, आणि नव्या टॅक्स रिजीममध्ये ती नाहीच. बिलाचे फोटो मागा, माणसांचे नको. पॅकेट हातात धरून उभी केलेली बाई नि मागे कॅम्पचा बोर्ड असा फोटो ग्रुपवर फिरला की तिचा पत्ताच सगळ्यांना कळतो.

अजून एक, पहिल्या दोन महिन्यांत सगळे देतात, मग फोन थांबतात आणि कॅम्प तसाच असतो. जमलेले सगळे पैसे एकदम देऊ नका. आम्ही पुढच्या वेळी तिसरा हिस्सा मागे ठेवला होता, सहा महिन्यांनी फोन केला तर मागणी आली ती परीक्षेच्या फीची आणि जळलेल्या मार्कशीटच्या डुप्लिकेट कॉपीला लागणाऱ्या पैशांची.