क्लाउड घेताय? आधी डेटा कुठल्या गावात राहणार ते बघा

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या पेढीचा हळद-बेदाण्याचा हिशेब क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर, न्यायचा असेल, तर ‘सगळ्यात स्वस्त कोण?’ हा प्रश्न जरा मागे ठेवा. आधी जागा ठरवा. मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउड सेवेचं डेटा केंद्र २०१५ पासून पुण्यात आहे. अॅमेझॉनचं मुंबईत (२०१६) आणि हैदराबादला (२०२२), गूगलचं मुंबईत (२०१७) आणि दिल्लीला (२०२१). खातं उघडताना कधी कधी अमेरिकेतलं केंद्र आपोआप निवडलेलं असतं, ते बदला. बॅकअप दुसऱ्या शहरात ठेवा. २०१९ चा महापूर बघितलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

दरपत्रकातली खरी मेख डेटा बाहेर काढण्याच्या शुल्कात असते. आत टाकणं बहुधा फुकट, बाहेर नेताना जीबीमागे पैसे.

सुरक्षेत तिघंही तोडीस तोड. इमारत आणि सर्व्हर त्यांनी सांभाळायचे; पासवर्ड, कुणाला काय दिसावं, हे मात्र आपल्याकडे. म्हणून मुख्य खात्याला दुहेरी पडताळणी (पासवर्डशिवाय आणखी एक खूण, उदा. मोबाईलवरचा कोड) लावा आणि ते रोजच्या कामाला वापरू नका, दिवाणजींना वेगळं लॉगिन द्या. ऑफिस आधीच मायक्रोसॉफ्टच्याच एक्सेल-आउटलुकवर चालत असेल तर मी अझूरकडे झुकेन. आणि पहिल्याच दिवशी बजेट अलर्ट लावा. तो नुसता इशारा देतो बरं का, खर्च आपोआप थांबवत नाही.