फॉर्म्युला स्टुडंट गाडीतला गिअरचा दांडा: टीममध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

फॉर्म्युला स्टुडंट म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः छोटी रेसिंग कार बनवून उतरायची स्पर्धा. कॉलेजच्या अशा टीममध्ये आलेल्या प्रत्येक नव्या मुलाला इंजिन नाहीतर सस्पेन्शन हवं असतं. गिअरशिफ्टचं काम शेवटी ज्याला काहीच मिळालं नाही त्याच्या गळ्यात पडतं. माझ्याही पडलं होतं. आज माझी नोकरी त्याच कामावर आहे, म्हणून सेकंड इयरच्या मुलामुलींना मनापासून सांगतो: हे काम मागून घ्या.

आपल्याकडच्या बऱ्याच टीम केटीएम ३९० बाइकचं जुनं, ३७३ सीसीचं इंजिन वापरतात. एक सिलिंडर, सहा गिअर. बाइकवर गिअर डाव्या पायाने पडतो. आपल्या गाडीत इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे आणि पाय पार पुढे. म्हणून शिफ्ट शाफ्टवरचा (गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या, गिअर बदलणाऱ्या दांडीवरचा) पायाचा लिव्हर काढायचा, तिथे छोटा आर्म बसवायचा आणि केबलने किंवा रॉडने ती हालचाल हातापर्यंत आणायची.

सुरुवात कॅडमध्ये (कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगमध्ये) नको, सीटवर करा. चासी (गाडीचा पाइपचा सांगाडा) वेल्ड होण्याआधी पीव्हीसी पाइप आणि प्लायवूडचं कॉकपिट उभं करा, ड्रायव्हरला हेल्मेट-ग्लोव्हज घालून बसवा आणि हार्नेस (सीटचे पट्टे) खरोखर आवळा. सैल पट्ट्यांत हात जिथे सहज पोचतो, तिथे आवळल्यावर पोचत नाही, कारण खांदा पुढे येत नाही. टीममधला सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटका, दोघांनाही बसवा. स्टिअरिंग पूर्ण वळवून कोपर पाइपला लागतं का, गुडघा दांड्याला अडतो का, ते बघा. माझ्या मते मूठ स्टिअरिंगच्या जितकी जवळ तितकी चांगली. ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे वळणावळणाच्या ट्रॅकवरच्या वेळ मोजलेल्या फेरीत, वळणं इतकी लागोपाठ येतात की एका हाताने गाडी सांभाळायला उसंतच नसते.

वरचा गिअर ओढून आणि खालचा ढकलून पडेल असं लिंकेज ठेवा. वेग घेताना अंग मागे रेटलं जातं, ब्रेकवर पुढे जातं. हातही त्याच दिशेने गेला की काम हलकं होतं. शिवाय कॉकपिटच्या तोंडातून नियमात दिलेल्या मापाचं टेम्प्लेट (तपासणीचा साचा) खाली उतरावं लागतं आणि ड्रायव्हरला ५ सेकंदांत बाहेर पडता यावं लागतं. दांड्याची जागा ठरवतानाच त्या वर्षीचं नियमपुस्तक उघडं ठेवा.

खरी मेख पुढे आहे. हा गिअरबॉक्स सिक्वेन्शियल, म्हणजे गिअर क्रमाने एकेकच पडतो. प्रत्येक शिफ्टला आर्म एका बाजूला जातो, ड्रम (गिअर निवडणारा आतला खाचांचा दंडगोल) एक घर फिरतो आणि आतली स्प्रिंग आर्मला परत मध्यावर आणते. तो पूर्ण परतला नाही तर रॅचेट (ड्रमला एकेक घर ढकलणारी खिट्टी) पुढचं घर पकडत नाही. ‘पहिला पडतो, दुसरा पडतो, मग नुसताच दांडा हलतो’ ही तक्रार आली की मुलं इंजिन खोलायला धावतात. त्याआधी दांडा ढकलून सोडा आणि नजर आर्मवर ठेवा. तो मध्याच्या अलीकडेच थांबत असेल तर केबलचं आर्मवरचं टोक सोडवून पुन्हा बघा. आता आर्म नीट परतला तर दोष केबलचा किंवा दांड्याचा. केबल फार तीव्र वळवलेली असते, नाहीतर जड दांडा एका बाजूला कलून आर्मला ओढत राहतो. तिसरा संशयित म्हणजे केबलचा ब्रॅकेट. पातळ पत्र्याचा असेल तर शिफ्ट करताना तो डोळ्यांदेखत वाकतो आणि हालचाल तिथेच खाऊन टाकतो.

हिशेब सोपा आहे. समजा आर्म ४० मिमी आणि गिअर पडायला तो १५ अंश फिरतो, म्हणजे टोक साधारण १० मिमी सरकतं. दांड्याचं गुणोत्तर (मुठीची हालचाल : आर्मच्या टोकाची हालचाल) ५:१ ठेवलं तर मूठ ५० मिमी हलते आणि जोर एक पंचमांश लागतो. पण आर्मपाशी २ मिमी प्ले (सांध्यातला ढिलेपणा) असेल तर मुठीशी १० मिमी फुकट जातात. म्हणून रॉड एंड (रॉडच्या टोकाचे फिरते सांधे) चांगले घ्या, सांधे कमी ठेवा. दोन्ही बाजूंना दांडा अडवणारे स्टॉपही हवेतच. शर्यतीच्या जोशात ड्रायव्हर दांडा ओढतो तेव्हा तो सगळा जोर शिफ्ट फोर्कवर (गिअर सरकवणाऱ्या आतल्या काट्यांवर) जाऊ नये.

१९८९ च्या फेरारी ६४० या फॉर्म्युला वन गाडीत डिझायनर जॉन बार्नार्डने दांडाच काढून स्टिअरिंगमागे पॅडल दिली. अरुंद कॉकपिटमधून लिंकेज न्यावं लागू नये, हाही त्यामागचा एक विचार होता. तुम्हालाही पॅडल खुणावतील. पहिल्या वर्षी मात्र दांडाच करा. गिअरबॉक्सला काय हवं ते हाताला कळतं.

कोईमतूरला फॉर्म्युला भारत या स्पर्धेसाठी निघण्यापूर्वी गाडी स्टँडवर घेऊन, मागचं चाक हाताने फिरवत सगळे गिअर टाकून बघा. चाक थांबलेलं असताना डॉग (गिअरला गिअर अडकवणारे दात) बरेचदा खाचांसमोर येत नाहीत, तेव्हा जोर लावू नका. मग इंजिन पूर्ण तापल्यावर हीच तपासणी ट्रॅकवर करा. मुठीला ताणकाटा लावून प्रत्येक गिअरचा जोर आणि मुठीचा प्रवास लिहून ठेवा. वाहन कंपन्यांत गिअरशिफ्टची चर्चा याच दोन आकड्यांत होते, आणि ते स्वतः मोजलेले असतील तर इंटरव्ह्यूमध्ये बोलायला तुमच्याकडे भरपूर असतं.