डोनर गाडी घेताना या चुका टाळा: घरी बांधायची स्पोर्ट्स कार आणि जुनी एमएक्स-५

ब्रिटनमध्ये घरच्या गॅरेजात दोन सीटची स्पोर्ट्स कार बांधून ती रीतसर रस्त्यावर आणता येते. यातल्या बहुतेक गाड्या १९५७ च्या लोटस सेव्हनच्या वळणाच्या असतात. चासी आणि बॉडी नवी. इंजिन, गिअरबॉक्स, डिफ (डिफरन्शियल), हब, स्टिअरिंग आणि वायरिंग मात्र एका जुन्या गाडीतून काढलेलं. ती जुनी गाडी म्हणजे डोनर. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे मूळ कंपनीच्या तपशिलाशी न जुळणारी गाडी नोंदवण्याची वाट जवळजवळ बंद आहे, त्यामुळे हे सगळं मुख्यतः तिकडे स्थायिक झालेल्या आणि गॅरेजात जागा असलेल्या मंडळींच्या उपयोगाचं.

पूर्वी डोनर म्हटलं की फोर्ड एस्कॉर्ट मार्क २, नंतर सिएरा. एस्कॉर्ट १९८० साली बंद झाली आणि आता रॅलीवाले आणि संग्राहक तिला जे भाव देतात ते बघता तिला मोडणं हा वेडेपणा आहे. सिएरा १९९३ पर्यंत निघत होती. पण तिचा टाइप ९ नावाचा गिअरबॉक्स चांगल्या स्थितीत शोधतानाच दमछाक होते. उरते माझ्दा एमएक्स-५. मागच्या चाकांना ड्राइव्ह, दोन कॅमचं इंजिन, चारही चाकांना डबल विशबोन (चाक धरणाऱ्या वर-खाली दोन दांड्यांचं) सस्पेन्शन आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. पुढचं सगळं तिच्याबद्दल, त्यातही पहिल्या पिढीबद्दल (१९८९ ते १९९७).

चासी ठरण्याआधी गाडी घेणं

बाजारात तुरी म्हणतात ते हेच. प्रत्येक चासी ठरावीक डोनरचे माउंट धरून आखलेली असते. एक्सोसेटसारख्या किटमध्ये (विकत मिळणाऱ्या नव्या चासी-बॉडीच्या संचात) एमएक्स-५ ची बॉडी उचलून बाजूला करतात आणि दोन्ही सबफ्रेम (सस्पेन्शन धरणाऱ्या पुढच्या-मागच्या चौकटी), गिअरबॉक्स आणि डिफला जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची लांब फ्रेम यांसकट सगळा सांगाडा तसाच नव्या चासीखाली जातो. सेव्हन पद्धतीच्या बऱ्याच किटमध्ये सबफ्रेम लागतच नाहीत, फक्त हब, डिफ, शाफ्ट वगैरे निवडक भाग लागतात. पहिल्या प्रकारात सबफ्रेमचा गंज जिवावर येतो, दुसऱ्यात त्याच्याकडे बघायचीही गरज नाही. म्हणून आधी किटवाल्याकडून ‘डोनरमधून काय काय लागेल’ ही यादी घ्या आणि ती हातात धरूनच गाडी बघायला जा. २००५ नंतरच्या तिसऱ्या पिढीची गाडी स्वस्तात मिळाली म्हणून उचलू नका. तिच्या चाकांना पाच नट आणि आधीच्यांना चार. बाकीही जवळजवळ काही जुळत नाही.

चकचकीत पत्र्याला भुलणं

बॉडी तुम्ही फेकणार आहात, मग रंगाचे पैसे कशाला? या गाड्या मागच्या चाकांच्या पुढे, सिलच्या (दाराखालच्या पत्र्याच्या) टोकाला हमखास कुजतात. दुसऱ्या पिढीत पुढचे चासी रेलही आतून सडतात. अशी गाडी एमओटीत, म्हणजे ब्रिटनमधल्या वार्षिक तपासणीत, नापास होते, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीवर जातो आणि मालक ती काढून टाकतो. डोनरसाठी हीच गाडी हवी. विमा कंपनीने एस किंवा एन वर्गात (दुरुस्त करून वापरता येण्याजोगी म्हणून) टाकलेली अपघाती गाडीही चालेल. मागून ठोकर बसलेली असेल तर उत्तमच. पुढच्या कोपऱ्यावर मार असेल तर मात्र सबफ्रेम, विशबोन आणि स्टिअरिंग रॅक वाकलेले धरूनच भाव करा. ए वर्गाच्या (पूर्ण भंगारच करायच्या) वाटेला जाऊ नका. बी वर्गाची गाडी फक्त सुट्या भागांपुरती.

पण गंज कुठे आहे हे बघायला हवं. खालच्या विशबोनचे लांब बोल्ट, ज्यांच्यावर चाकाचं अलाइनमेंट ठरतं, ते बुशच्या (सांध्यातल्या रबराच्या) आतल्या नळीत गंजून एकजीव होतात. विकत घेण्याआधी गाडीखाली जाऊन त्यांवर पाना लावून बघण्याची परवानगी मागा. बोल्टचं डोकं फिरलं आणि त्याबरोबर बुशची नळीही फिरली, तर तो बोल्ट करवतीने कापूनच निघणार. चारही कोपरे तसेच असतील तर नवे बोल्ट, नवे बुश आणि दोन शनिवार-रविवार हिशेबात धरा. घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे या बोल्टना पेनिट्रेटिंग ऑइल, रोज एकदा, आठवडाभर. पहिल्याच दिवशी लांब पाइप लावून जोर केलात तर डोकं तुटून हातात येईल.

बंद गाडी ‘फक्त बॅटरी डाउन आहे’ म्हणून घेणं

ही सगळ्यात महागात जाणारी चूक. चालू गाडीत दोष शोधणं सोपं असतं, कारण सगळं जागच्या जागी जोडलेलं असतं. तेच इंजिन नव्या चासीत, कापलेल्या वायरिंगवर, नव्या पेट्रोल टाकीला जोडल्यावर सुरू झालं नाही, तर दोष इंजिनात आहे, सेन्सरमध्ये आहे की तुम्ही अर्थ द्यायची विसरलेली वायर आहे, हे शोधता शोधता महिना जातो. शक्य असेल तर एमओटी शिल्लक असलेली गाडी घ्या आणि मोडण्याआधी दोन-तीन आठवडे रोज चालवा.

इंजिन थंड असतानाच बघायला जा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर बोनेटवर हात ठेवताच कळतं, परत या. थंड स्टार्टला टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा) टकटक आवाज येऊन काही मिनिटांत थांबला तर काळजी नाही, हायड्रॉलिक टॅपेटचा तो स्वभाव आहे. गरम झाल्यावरही चालूच राहिला तर ऑइल बदलाकडे वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालंय. ऑइल प्रेशरच्या काट्यावर विसंबायचं असेल तर गाडीचं वर्ष बघा: १९९५ पासूनचा काटा खरा प्रेशर दाखवत नाही, नुसत्या स्विचवर चालतो आणि मध्यावर स्थिर बसतो. रेडिएटरची वरची प्लॅस्टिक टाकी तपकिरी पडली असेल तर ती लवकरच फुटणार.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इंजेक्टर आणि इग्निशन बंद, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला, बॅटरी भरलेली. निरोगी १.६ लिटर इंजिनात आकडे साधारण १७० ते १९० पीएसआयच्या घरात येतात. गेजागणिक थोडं इकडेतिकडे होतं, म्हणून एकट्या आकड्यापेक्षा चार सिलिंडरमधला फरक बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा पंधरा टक्क्यांहून खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंग गेल्या, तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

सुरुवातीच्या, म्हणजे साधारण १९९१ पर्यंतच्या १.६ इंजिनांत आणखी एक जागा आहे: क्रँकचं पुढचं नाक, म्हणजे क्रँकशाफ्टचं पुली बसते ते टोक. ते आखूड असल्यामुळे पुलीचा बोल्ट नीट घट्ट केला नसेल तर पुली जागी धरणाऱ्या चावीची (धातूच्या छोट्या पाचरीची) खाच झिजते, पुली डगमगते, टायमिंग मागे पडतं आणि गाडी ओढत नाही. पुलीला चार खाचा दिसल्या तर क्रँक आखूड नाकाचा, आठ असतील तर सुधारित. इंजिन चालू असताना बाजूने पुलीच्या कडेवर नजर ठेवा. कड लहरत असेल तर गाडी सोडा. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचं बिल नसेल तर बदललेलाच नाही असं समजा आणि बेल्ट, पाण्याचा पंप व ऑइल सील यांचे पैसे भावातून कापून घ्या. हे काम इंजिन बाहेर असताना तासाभराचं आहे.

गिअरबॉक्स थंड असताना दुसरा गिअर खरखरतो, हे या गाड्यांत इतकं सर्रास आहे की त्यावरून भाव पाडता येईल, गाडी नाकारायची नाही. गरम झाल्यावरही खरखर राहिली तर सिंक्रो (गिअर अलगद जुळवणारा भाग) गेलाय. क्लचच्या खालच्या सिलिंडरचं रबरी टोपण उचला. आत ओल असेल तर गळती आहे, पण भाग स्वस्त.

१.६ आणि १.८ मधला फरक न बघणं

‘६०० किलोच्या गाडीला १.६ पुरे’ हे खरं आहे, पण कुठलं १.६? सुरुवातीचं सुमारे ११५ बीएचपीचं. १९९५ पासून ब्रिटनमध्ये विकलेलं १.६ साधारण ९० बीएचपीवर आणलेलं आहे. शिवाय १.६ चा डिफ सहा इंची, १.८ चा सात इंची आणि चांगलाच दणकट. नंतर डिफ बदलू म्हणाल तर प्रॉपशाफ्ट आणि ड्राइव्हशाफ्टही त्याच गाडीचे घ्यावे लागतात. पुढेमागे टर्बो बसवायचा विचार असेल तर सुरुवातच १.८ ने करा. आमचं मत विचाराल तर टर्बो नसला तरी १.८ च घ्या. भावातला फरक डिफमध्येच वसूल होतो.

ऑटोमॅटिक गाडी घेऊ नका. पेडल, क्लचचं हायड्रॉलिक, गिअरबॉक्स, प्रॉपशाफ्ट, ईसीयू (इंजिनाचा संगणक) हे सगळं दुसऱ्या गाडीतून गोळा करताना वाचलेले पैसे दुप्पट जातात. जपानहून आलेल्या युनॉस रोडस्टरमध्ये (एमएक्स-५ चंच जपानी नाव) ऑटोमॅटिक बऱ्याच सापडतात; त्या कमी गंजलेल्या असतात म्हणून मोह होतो, तेवढा सांभाळा.

भाग सुटे-सुटे जमवणं, वायरिंग कापणं

इंजिन एकाकडून, लूम (वायरिंगचा जुडगा) दुसऱ्याकडून, ईसीयू ऑनलाइन असं जमवलं की १.६ चा फ्लॅपवाला एअरफ्लो मीटर आणि १.८ चा हॉट वायरवाला अशी भेसळ होते आणि इंजिन मिसिंग करत बसतं. इमोबिलायझर असलेल्या दुसऱ्या पिढीच्या गाडीत ईसीयू, इमोबिलायझरचा डबा आणि चावी हा एकच संच आहे. त्यातलं एक हरवलं तर बाकी दोन निरुपयोगी. किल्ल्या सगळ्या मागून घ्या. स्टिअरिंग लॉकही किल्लीसकट ठेवा, कारण आयव्हीए तपासणीत (घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधीच्या सरकारी मंजुरीत) चोरीविरोधी कुलूप बघतात.

लूम काढताना एकही वायर कापू नका. प्रत्येक कनेक्टरवर कापडी टेप, टेपवर मार्करने नाव, आणि सोडण्याआधी फोटो. नको असलेल्या वायरी इंजिन नव्या चासीत सुरू झाल्यावर एकेक करून काढायच्या.

कागदांकडे शेवटी बघणं

व्ही५सी (गाडीचं नोंदणीपत्र) नसलेली गाडी फुकट मिळाली तरी महागच. एकाच डोनरचे दोन मूळ मुख्य भाग, उदाहरणार्थ इंजिन आणि गिअरबॉक्स, नव्या किट चासीत वापरल्याचं सिद्ध करता आलं तर डोनरच्या वयानुसार नंबर मिळतो; नाही तर क्यू प्लेट (वय नक्की न ठरलेल्या गाडीचा नंबर). त्यासाठी व्ही५सी, डोनरची पावती, किटचं बिल आणि काम चालू असतानाचे फोटो एकाच फाइलमध्ये ठेवा. उत्सर्जनाची मर्यादा इंजिनाच्या वयावर ठरते आणि ते वय कागदावरच दाखवावं लागतं. इंजिनावरचा नंबर व्ही५सीशी जुळतो का ते गाडी घेण्याआधीच टॉर्च लावून बघा. गाडीवर कर्ज बाकी आहे का, तेही तपासा.

मोडायला घेताना एसओआरएन (गाडी रस्त्यावर वापरात नाही अशी घोषणा) भरा, फुकट आहे. दारं, सीट, हार्डटॉप, दिवे लगेच विकायला काढा. हार्डटॉपला तर गिऱ्हाईक थांबलेलंच असतं. उरलेला सांगाडा मात्र घाईने भंगारवाल्याला देऊ नका. अधिकृत भंगार केंद्राने नाशाचा दाखला काढला की त्या नंबरची गाडी कागदोपत्री संपते, आणि वयानुसार नंबर मागताना तुमच्याच डोनरची ओळख शिल्लक उरत नाही. अंगणात जागा नसेल तर सांगाडा हलवण्याआधी डीव्हीएलएकडून (ब्रिटनच्या वाहन-नोंदणी खात्याकडून) लेखी उत्तर घ्या आणि ते त्याच फाइलमध्ये लावा.