मेडिकलच्या पोरांना वाडीवर नेताय? कॉलेजची बस विसरा

अलिबाग, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, तिन्हीकडे आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे, आणि 2021-22 च्या बॅचपासून फॅमिली अडॉप्शन आलंय, म्हणजे प्रत्येक पोराने गावातली काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्या तब्येतीवर लक्ष ठेवायचं, त्यामुळे पोरांना गावात न्यायलाच लागतं. पण होतं काय, बस थेट कातकरीवाडीच्या तोंडाशी, बीपी-शुगर, फोटो, जेवायला परत. आणि जर्नलात लिहितात "लोक अशिक्षित आहेत", मी वाचलंय.

त्यापेक्षा चार-चार जण करा आणि उलटं न्या, वाडीतून दवाखान्यात, पेशंट येतो तसं. साकवापर्यंत पायी, मग एसटीची वाट बघत बसायचं, मग केसपेपरची लाईन, त्यात एक्सरेवाला म्हणाला उद्या या तर उद्या परत. वेळ, तिकीट आणि बुडालेली मजुरी वहीत लिहायला लावा.

मग टीबीची एक केस द्या. साधा टीबी, गोळ्या 6 महिने, फुकट. समजा गणपतीत निदान झालं, दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेतलेलं अख्खं घर वीटभट्टीवर, येणार ते पावसाच्या तोंडावर. कागदावर वरच्या ओळीत गोळ्यांचे महिने, खालच्या ओळीत भट्टीचे. आमच्याकडे एकाने "डिफॉल्टर", म्हणजे गोळ्या मध्येच सोडणारा, असं लिहिलेलं, हे काढल्यावर त्यानेच खोडलं आणि विचारलं, सर, भट्टीजवळच्या पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला, ट्रान्सफर नाही होत का? होते की, निक्षयवर, म्हणजे टीबी पेशंटच्या सरकारी ऑनलाईन नोंदणीवर होते, पण कुठली भट्टी ते निघायच्या आधी विचारायला लागतं, आणि ते बऱ्याचदा आशाताईलाच माहीत असतं. म्हणून तिला पोरांसमोर बोलू द्या, तुम्ही गप्प बसा.

लावणीत नेलंत तर लेप्टो घ्या, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, चिखलपाण्यातून होणारा ताप. "गमबूट घाला" असं सांगणाऱ्या पोराला गमबूट घालून चिखलात उतरवा, दहा मिनिटांत पाय वर येतो आणि बूट खालीच राहतो. मग डॉक्सीवर बोला, म्हणजे लेप्टो होऊ नये म्हणून देतात ती डॉक्सीसायक्लिनची गोळी, आठवड्याला 200 मिग्रॅ, उपाशीपोटी नको, आणि लावणीला वाकलेल्या बायांत कोणी गरोदर असेल तर तिला ही गोळी नाही, हे विचारायचं कोणी?

जायचं संध्याकाळी, दुपारी वाडीत म्हातारी आणि पोरंच असतात. फोटो नको.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मी हल्ली डिस्चार्ज कार्ड देतो, त्यावर "दूध, फळं, अंडी" लिहिलेलं असतं. ते खोडून त्या घरात खरंच काय शिजतं ते लिही म्हणतो. ज्याने चूल बघितलीय तो नाचणी, कुळीथ, सुकट लिहितो, बाकीचे सफरचंदाच्या जागी केळं लिहितात.