‘सगळे एकाच मंडळात आहेत ना?’ सार्क-जीसीसीच्या बातम्या वाचताना या चुका टाळा

‘मुलगा गल्फला आहे’ म्हटलं की रत्नागिरी-चिपळूणकडे पुढचं कुणी विचारत नाही. कतार काय नि दुबई काय, सगळं एकच. पहिली चूक हीच.

५ जून २०१७, ऐन रमजान. सौदी, अमिराती (दुबई यातच), बहारीन आणि इजिप्तने कतारशी संबंध तोडले. आमच्या आळीतला एक जण कतारमध्ये, दोह्याला. ईदला घरी यायचं म्हणून त्याने दुबईमार्गे तिकीट काढलेलं, ते फुकट गेलं. शेवटी मस्कतवरून आला. त्याची आई मला विचारत होती, “अरे, ते सगळे एकाच मंडळात आहेत ना?”

आहेत की. इजिप्त सोडला, तर सगळे १९८१ पासून जीसीसीत, म्हणजे आखाती सहकार्य परिषदेत. मार्च २०११ मध्ये बहारीनच्या राजाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा याच परिषदेच्या झेंड्याखाली सौदीचं सैन्य पूल ओलांडून गेलं. सिंहासन हललं की एकी होते. भावकीतच भांडण लागलं की परिषद गप्प. सनदेत तंटे मिटवायची तरतूद आहे, पण २०१७ ला धावपळ केली ती कुवेतच्या अमीरांनी, स्वतःच्या वजनावर. समेट झाला जानेवारी २०२१ मध्ये, अल-उला इथे. तोवर कतारने आमच्या न्हावाशेवाहून थेट हमद बंदराला जहाजं सुरू केली होती. आधी बराच माल दुबईच्या जबल अलीवरून फिरून जायचा. म्हणून संघटनेचं नाव वाचून थांबू नका. भांडण बाहेरच्याशी आहे की आतल्या आत, ते आधी बघा.

दुसरी चूक पालघरकडे जास्त ऐकू येते. तिथले खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात, बोट सागरी हद्दीपलीकडे सापडली की कराचीच्या तुरुंगात. मग कुणीतरी म्हणतंच, “सार्क काय झोपलंय?” सार्क म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांची संघटना, भारत-पाकिस्तान दोघेही तिच्यात. पण तिला ते कामच दिलेलं नाही. १९८५ च्या सनदेतच लिहिलंय: निर्णय एकमताने, आणि दोन देशांमधले वादाचे विषय चर्चेला घ्यायचे नाहीत. खलाशांचं काम चालतं ते भारत-पाकिस्तानच्या २००८ च्या करारावर. दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या एकमेकांना देतात. नातेवाइकांनी डोळा ठेवायचा तो या तारखांवर.

उलट टोकाची चूकही आहे: ‘सार्क मेलं’. २०१४ च्या काठमांडूनंतर शिखर परिषद झालेली नाही, हे खरं. २०१६ ची इस्लामाबादची उरी हल्ल्यानंतर बारगळली. पण दिल्लीतलं दक्षिण आशियाई विद्यापीठ सार्कचंच, आणि तिथे वर्ग भरतात.

आणि किनारा? १९९३ ला मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडीला उतरली, तेव्हा सार्क सात वर्षांचं होतं. आज समुद्राच्या सुरक्षेवर शेजाऱ्यांशी बोलणी होतात ती कोलंबो सुरक्षा परिषदेत, श्रीलंका, मालदीव, मॉरिशस, बांगलादेश अशा देशांबरोबर. त्यात पाकिस्तान नाही.