सोरायसिसचं मलम अन् लाइट चालू आहे? मग या चुका टाळा

सोरायसिस म्हणजे कातडीवर खवल्यांचे चट्टे उठणारा आजार, तो कायमचा जात नाही पण नीट उपचार केले तर दबून राहतो, लोकांचं गाडं अडतं ते मलम लावण्याच्या आणि लाइट म्हणजे मशीनच्या किरणांचे उपचार घेण्याच्या पद्धतीत.

पहिली चूक म्हणजे मेडिकल स्टोअरमधून "खाजेची ट्यूब द्या" म्हणून काहीही आणणं. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये क्लोबेटासोलसारखं कडक स्टेरॉइड असतं, सोबत बुरशीचं अन् जंतूंचं औषध कालवलेलं, चार दिवसांत चट्टे बसतात म्हणून माणूस खुश होतो आणि तेच चेहऱ्याला, काखेत, जांघेत लावत सुटतो. मग कातडी पातळ होते, वळ पडतात ते जात नाहीत, आणि बरेच दिवस लावून एकदम बंद केलं की चट्टे आधीपेक्षा जोरात उसळतात. बंद करायचं तेही डॉक्टरांना विचारून, हळूहळू. याच्या उलट स्टेरॉइडचं नाव ऐकूनच काही जण इतकं कमी लावतात की असर कसा होणार? बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढा, ते झालं साधारण अर्धा ग्रॅम, बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं.

आता लाइट. नॅरोबँड यूव्हीबी म्हणजे 311 ते 313 नॅनोमीटरचा प्रकाश, आठवड्यातून 2-3 वेळा, आणि चांगला फरक पडायला साधारण 20-30 सिटिंग लागतात. नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांत कामाच्या दिवशी चकरा मारणं सोपं नाही हे खरंच आहे, पण पाच-सहा सिटिंगनंतर "काही होत नाही" म्हणून सोडलं तर केलेली मेहनत वाया जाते. मध्ये खाडा पडला असेल तर मशीनवाल्याला आधी सांगा, कारण डोस पायरीपायरीने वाढवलेला असतो अन् गॅपनंतर तोच डोस दिला तर भाजतं. नवीन गोळी सुरू झाली असेल तर तेही सांगा. किरणांपासून डोळे वाचवणारा चष्मा घातल्याशिवाय आत जाऊ नका.

आणि सिटिंगच्या आधी काय लावता ते बघा, याकडे कोणीच लक्ष देत नाही. सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं मलम तो प्रकाश अडवतं, व्हॅसलीनचा जाड थरही अडवतो, आणि कॅल्सिपोट्रिऑल हे सोरायसिसचं मलम त्या किरणांनी निकामी होतं. ही सगळी सिटिंग झाल्यावर लावायची.

मशीनऐवजी गच्चीवर ऊन घेतो म्हणणारे पण आहेत, तर बाबा, नागपूरच्या मे महिन्यात 45 डिग्रीत हे करू नका! मशीनमध्ये ठरावीक किरण मोजून देतात, उन्हात ते माप कोण ठेवणार? कातडी भाजली की त्याच जागी नवे चट्टे उठू शकतात, दगडाने घासून खवले काढल्यावरही तेच होतं.

घरच्यांनी टॉवेल, ताट वेगळं ठेवायची काहीच गरज नाही, हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

सकाळी उठल्यावर सांधे आखडत असतील, एखादं बोट सुजत असेल तर ते डॉक्टरांना लगेच सांगा, हा सोरायसिसचाच संधिवात असू शकतो, त्याला मलम अन् लाइट पुरत नाही, आणि उशीर झाला तर सांधा कायमचा खराब होऊ शकतो.