वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट: आधी बटणं, मग स्क्रीन

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये सेटिंग बदलायला बसलं की आधी हात जातो तो दिसण्याकडे: फ्रेम (पात्राचा जीव दाखवणारी चौकट) हलवा, बार (कौशल्यांच्या आयकॉनची पट्टी) लपवा, मिनिमॅप मोठा करा. क्रम उलटा ठेवा. कोणतं कौशल्य कोणत्या बोटाखाली येणार हे ठरल्याशिवाय कोणता बार स्क्रीनवर दिसायला हवा हे कळतच नाही. बोटांना पाठ झालेल्या बटणांचा बार नंतर लहान करता येतो, कधी पूर्ण लपवताही येतो. पुढचं सगळं रीटेल, म्हणजे गेमच्या चालू आवृत्तीबद्दल आहे. क्लासिकमध्ये, म्हणजे जुन्या रूपातल्या आवृत्तीत, मेन्यू थोडे वेगळे आहेत.

सुरुवात चालण्याच्या बटणांपासून. मुळात ए आणि डी पात्राला जागच्या जागी वळवतात, क्यू आणि ई बाजूला सरकवतात. कीबोर्डने वळायचा वेग सेकंदाला १८० अंश, म्हणजे पाठीमागे वळायलाच अख्खा सेकंद जातो. उजवं माऊस बटण दाबून माऊस फिरवला की पात्र लगेच वळतं, आणि ते दाबलेलं असताना ए आणि डी आपोआप बाजूला सरकण्याचंच काम करतात. म्हणून वळणं माऊसकडे द्या, ए आणि डीवर स्ट्रेफ (बाजूला सरकणं) लावा, म्हणजे क्यू आणि ई ही दोन सगळ्यात जवळची बटणं मोकळी होतात. मागे जाण्याच्या एस बटणाचंही तसंच: पुढे धावण्याचा मूळ वेग सेकंदाला ७ यार्ड आहे, उलट्या पावली फक्त ४.५. पायाखालच्या आगीतून मागे मागे सरकत निघणारा खेळाडू जास्त वेळ भाजत राहतो. वळा आणि पळा. एसवर एखादं कौशल्य लावलं तरी चालेल.

आता बटणं जोडा. एस्केप, मग ऑप्शन्स, मग कीबाइंडिंग्ज, आणि तिथे क्विक कीबाइंड मोड. हा मोड चालू झाला की बारवरच्या आयकॉनवर माऊस न्यायचा आणि हवं ते बटण दाबायचं. माऊसचं चाकही चालतं. ते बटण आधी दुसऱ्या कशाला जोडलेलं असेल तर जुनी जोडणी सुटल्याचा संदेश येतो. तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर ऐन लढाईत बॅग उघडायची तेव्हा भलतंच काहीतरी होतं. कॅरेक्टर स्पेसिफिक कीबाइंडिंग्ज या खुणेचाही आधीच विचार करा. ती नसेल तर बदल सगळ्या पात्रांना लागू होतात. एकाच साच्याने सगळी पात्रं खेळायची असतील तर खूण नको.

वाटप करताना पात्राच्या वर्गापेक्षा (क्लासपेक्षा) कौशल्याचं काम बघा. १ ते ५, क्यू, ई, आर, एफ ही जागा सतत दाबायच्या कौशल्यांची. शत्रूचा मंत्र तोडणारं कौशल्य प्रत्येक पात्रावर एकाच बटणाला ठेवा. पात्र बदललं तरी बोट तिथेच जायला हवं. जीव वाचवणारी कौशल्यं शिफ्टसह जवळच्या बटणांवर. ७ ते ० ही बटणं डाव्या हाताच्या पल्ल्याबाहेर जातात, तिथे माउंट (स्वारीचा प्राणी), हर्थस्टोन (मुक्कामाला परत नेणारा दगड) अशा निवांत गोष्टी ठेवा.

शिफ्ट, कंट्रोल आणि ऑल्ट वापरायला लागलात की अडचणी सुरू होतात, आणि त्यातल्या बऱ्याच गेमच्या बाहेरच्या असतात. मराठी टायपिंग वापरणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळणारी ही: विंडोजमध्ये डावं ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबलं की भाषा बदलू शकते. लढाईत ती दोन एकदम दाबली गेली की कीबोर्ड देवनागरीवर जातो आणि पात्र ऐकेनासं होतं. विंडोजच्या अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये इनपुट लँग्वेज हॉट कीज उघडा आणि हा क्रम नॉट असाइन्ड करा. भाषा बदलायला विंडोज बटण आणि स्पेस उरतंच. त्याच वेळी विंडोजमधलं स्टिकी कीजही बंद करा. शिफ्ट पाच वेळा दाबल्यावर येणारी ती खिडकी बॉसशी झुंजताना नको.

बाजूला बारा बटणं असलेला माऊस घेतला असेल तर आणखी एक खोड सांभाळा. असा माऊस नमपॅडचे आकडे पाठवत असेल आणि नम लॉक चालू असेल, तर शिफ्टसह नमपॅड १ दाबल्यावर विंडोज त्याचं एंड करून टाकतं. गेमला शिफ्ट आणि १ मिळतच नाही. माऊस वरच्या ओळीचे आकडे पाठवेल असं करा, किंवा त्या बटणांना शिफ्टऐवजी कंट्रोल जोडा.

ऑल्टची गोष्ट गेमच्या आतली आहे. सेल्फ कास्टचं, म्हणजे मंत्र स्वतःवरच टाकण्याचं बटण मुळात ऑल्ट असतं. ऑल्ट आणि १ वर उपचाराचा मंत्र ठेवला की टँकला (शत्रूचा मार झेलणाऱ्या साथीदाराला) निवडलेलं असूनही उपचार स्वतःवरच होतो. ऑप्शन्समधल्या कॉम्बॅट विभागात सेल्फ कास्टचं बटण काढून टाका. उपचार करणाऱ्यांनी याच विभागात माऊसओव्हर कास्ट चालू करावं: ज्याच्या फ्रेमवर माऊस असेल त्याच्यावर मंत्र जातो, आधी क्लिक करून निवडावं लागत नाही. मॅक्रो (आज्ञांची छोटी यादी) न लिहिता मिळणारा हा सगळ्यात मोठा फायदा आहे.

भारतातून खेळणाऱ्यांसाठी एक सेटिंग महत्त्वाचं. गेमचे सर्व्हर भारतात नाहीत, त्यामुळे लेटन्सी, म्हणजे सर्व्हरशी निरोपाची ये-जा व्हायला लागणारा वेळ, जास्त राहते. गेम मेन्यूच्या छोट्या बटणावर माऊस धरला की होम आणि वर्ल्ड असे दोन आकडे दिसतात. लढाईसाठी वर्ल्डचा बघा. एक कौशल्य संपायच्या आत दुसरं दाबलं तर गेम ते रांगेत ठेवतो, आणि ही मुदत मुळात ४०० मिलिसेकंदांची असते. ती स्पेल क्यू विंडो १०० वर आणा असा सल्ला सर्रास मिळतो. तो कमी लेटन्सीवाल्यांसाठी आहे. तुमची लेटन्सी २५० असेल तर १०० वर प्रत्येक दोन कौशल्यांमध्ये फट पडेल. लेटन्सीत साधारण १०० मिळवून येईल तेवढा आकडा ठेवा; २५० ला ३५०, आणि ३०० च्या पुढे असाल तर मूळ ४०० ला हात लावू नका.

मग स्क्रीन. २०२२ च्या ड्रॅगनफ्लाइट या विस्तारापासून स्क्रीनची मांडणी बदलणारा एडिट मोड गेममध्येच आहे: एस्केप, एडिट मोड. तो लढाईबाहेर असतानाच उघडा. मॉडर्न आणि क्लासिक हे तयार आराखडे बदलता येत नाहीत, आधी स्वतःचा नवा आराखडा करावा लागतो. तो खात्यासाठी करायचा की एकाच पात्रासाठी, हे तेव्हाच विचारलं जातं. ग्रिड आणि स्नॅप चालू ठेवा, फ्रेम सरळ रेषेत बसतात.

लढताना नजर पात्राच्या आसपास आणि जमिनीवर असते. म्हणून स्वतःची आणि टार्गेटची (निवडलेल्या शत्रूची) फ्रेम पात्राच्या दोन्ही बाजूंना, थोडी खाली घ्या. कास्ट बार (मंत्र किती पूर्ण झाला ते दाखवणारी पट्टी) मुख्य बारच्या लगेच वर. पात्राच्या पायाजवळ मात्र काहीच ठेवू नका, जमिनीवरचे धोके तिथेच उमटतात. फोकस फ्रेम (लक्ष ठेवायला निवडलेल्या आणखी एकाची) लार्जर, म्हणजे मोठी करून टार्गेटजवळ ठेवा. पार्टीसाठी (पाच जणांच्या गटासाठी) रेड स्टाइल, म्हणजे मोठ्या गटासारख्या फ्रेम चालू केल्यात तर पाच जणांत आणि वीस जणांत नजरेची सवय एकच राहते. माउंट आणि व्यवसायांचे बार लढाईबाहेर असतानाच दिसतील असे ठेवा.

एकाच दिवशी सगळं बदलू नका. तीनचार बटणं बदला, शहरातल्या सरावाच्या पुतळ्यावर पंधरा मिनिटं मारा, मगच डंजनला जा. हात चुकतोय असं वाटलं तर लगेच परत फिरवू नका, दोन दिवस द्या.

एडिट मोडमधला आराखडा मजकुराच्या रूपात बाहेर काढून जपून ठेवता येतो, पण त्यात बटणांच्या जोडण्या नसतात. त्यासाठी गेम बंद करून इन्स्टॉलच्या जागेतल्या रीटेल फोल्डरमधलं डब्ल्यूटीएफ फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. अ‍ॅडऑनची (गेमला जोडायच्या बाहेरच्या छोट्या प्रोग्रामची) सेटिंग्जही त्यातच असतात. नवीन अ‍ॅडऑन टाकण्याआधी हे करून ठेवलं तर गडबड झाल्यावर जुनं फोल्डर परत ठेवता येतं.